स्प्रिंगवरचा हात

मुसाचाचा म्हणजे उमेदीची सगळी वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. तिथे पायाखालचं लोखंड दिवसरात्र थरथरतं, आणि थरथर थांबली तरच माणसं घाबरतात. कानही तिथेच अर्धे गेले. अशा माणसाला बायकोने सांगितलं, की गाडी वळताना कटकन वाजते नि ब्रेक लावला की सगळी हादरते, तर तो ऐकणार होय? रहिमा वर्षभर सांगत राहिली. चाचा म्हणत, हायवेची दशा बघ, जुनी गाडी हलणारच. आणि आवाज काय, तो तुझ्या कानातच आहे. हट्टी माणूस, दुसरं काय!

शेवटी रहिमाने गाडीत बसणंच सोडलं. दापोलीला बहिणीकडे, झरीनकडे निघाली तीही एसटीने. चाचा तिला स्टँडपर्यंत सोडायलासुद्धा गेले नाहीत. झरीनच्या घरी पोचून ती ओटीवर टेकली, पाणी मागितलं आणि छातीत कळ येऊन तिथेच गेली. फोन आला तेव्हा चाचा त्याच गाडीने एकटे दापोलीला गेले.

तेव्हापासून ते वेळेवर जेवत होते, नमाजाला जात होते, बाजारातून बांगडे आणत होते, तेही दोघांपुरते. डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणत, चाचा खंबीर आहेत हो. खंबीर कसले! आत काही हलतच नव्हतं. फक्त झरीनचं एक वाक्य रुतून बसलं होतं. गाडी मेस्त्रीला दाखवली असती तर मी त्यांच्यासोबतच आले असते, असं रहिमा तिला म्हणाली होती. म्हणजे गाडीत खोट नसेल, तर ती स्वतःच्या हट्टाने एसटीत बसली. असेल, तर चाचांनीच तिला बसवलं. डॉक्टर म्हणाले होते, हे कुठेही झालं असतं. पण कुठेही म्हणजे चाचांच्या शेजारीही झालं असतं.

म्हणून एका सकाळी त्यांनी गाडी राजाराम मेस्त्रीच्या गॅरेजवर नेली. गाडीत काही बिघाड नाही, एवढंच त्यांना त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

राजाराम चालवायला बसला आणि चाचा डाव्या सीटवर. रहिमाच्या त्या सीटवर ते आजवर कधी बसले नव्हते. पायाखालची रबरी मॅट उजव्या टाचेपाशी झिजून तिला भोक पडलं होतं. उतारावर राजारामने ब्रेक दाबला, गाडी हादरली आणि चाचांची टाच आपसूक त्या भोकावर जाऊन दाबली गेली. ब्रेकची डिस्क वाकडी झालीय, राजाराम म्हणाला. चाचांनी नुसती मान हलवली. डिस्क काय, कुणाच्याही गाडीची होते. आवाजाचं अजून ठरायचं होतं.

गॅरेजवर परतल्यावर राजारामने जागच्या जागी स्टिअरिंग फिरवलं आणि विचारलं, आला ना आवाज? चाचांना काही ऐकू आलं नाही, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं. पण राजारामला त्यांचे कान माहीत होते. त्याने चाचांना पुढच्या चाकापाशी बसवलं आणि त्यांचा पंजा चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला. चाचांना हे नवीन नव्हतं. जहाजावर त्यांनी कितीतरी बिघाड असेच हाताने शोधले होते. घरच्या गाडीला मात्र कधी हात लावून पाहिला नव्हता.

राजाराम आत बसून स्टिअरिंग फिरवू लागला. स्प्रिंग अडली, ताणली गेली आणि एकदम सुटली. झटका तळहातातून कोपरापर्यंत गेला.

"स्प्रिंगच्या वरचं बेअरिंग झिजलंय, चाचा," राजाराम आतून म्हणाला. "वर्षभर तरी वाजत असणार. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

राजाराम उतरायला लागला, तसा चाचांनी दुसऱ्या हाताने खूण करून त्याला थांबवलं.

"परत फिरव."

त्याने फिरवलं. परत तोच झटका. काम कळलंय चाचा, राजाराम म्हणाला, हात काढा आता, काळा होईल. चाचांनी हात काढला नाही.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "फिरव परत."