'फेकलं: काही नाही'

घरचा बाजार मी ताब्यात घेतला त्याला पाच आठवडे झाले. आणि मी काही ऐरीगैरी नाही हं! गेल्या महिन्यात शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत पहिली आलेय. तेव्हापासून समोर कुणी का असेना, जीभ अडखळत नाही.

आई चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात नर्स म्हणून रुजू झाली. उरलो मी आणि बाबा. बाबा बस चालवतात. आई गेली आणि आमच्या फ्रीजमध्ये आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. काळी केळी, पिशवीत पाणी झालेला पालक. बाबा कँटीनमधलं तळलेलं खायचे. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पाच आठवडे देतो. साखर उतरली नाही तर रोज सुई."

सुई म्हटलं की बाबांना घाम फुटतो. मी जाहीर केलं, "आजपासून स्वयंपाकघर माझं!"

"जशी आज्ञा, मॅनेजरसाहेब."

रविवारी आधी फ्रीज बघायचा, मग आठवड्याचा बेत, मग यादी. जुनं पुढे, नवं मागे. फ्रीजवर कागद चिकटवला, त्यात दोन रकाने: आणलं, फेकलं. किती आणायचं, किती शिजवायचं याला डोकं चालवावंच लागलं नाही. कपाटाच्या दाराला आतून आईच्या अक्षरातली यादी होती. ती जशीच्या तशी उतरवली.

भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "दोघं ना गं तुम्ही? एवढं बीट कशाला, घराला रंग देताय?"

मी हसले. मावशींना प्लॅनिंगमधलं काय कळतंय!

दुसऱ्याच आठवड्यात मी ऐटीत लिहिलं, फेकलं: काही नाही. तिसऱ्यात तेच, चौथ्यात तेच. कागदाचा फोटो आईला पाठवला, खाली चांगला पानभर मजकूर. सहा तासांनी तिचा एक अंगठा आला. ड्यूटी असते तिची.

बाबांची दुपारपाळी लागली होती. संध्याकाळी मी एकटीच जेवायची, समोर रेडिओ लावून. रेडिओ निदान मीठ कमी म्हणत नाही. बाबांचं डब्यात झाकून ठेवायची. सकाळी मी शाळेत जाताना ते झोपलेले असत. डबे मात्र घासूनपुसून पालथे!

काल रिपोर्ट आला. साखर वाढली होती. बाबा नुसते "बघू" म्हणाले.

आज शाळा लवकर सुटली. घरी आले तर बाबा ओट्याशी उभे. एका हातात कालच्या भाताचं पातेलं, दुसऱ्या हातात बीट. डोळे मिटून गिळत होते, औषध घ्यावं तसं.

"बाबा! तुम्हाला बीट आवडत नाही!"

"नाहीच."

"मग? आणि हा एवढा भात?"

त्यांनी हनुवटीनं फ्रीजकडे खूण केली. "तुझा कागद गं. तिथं 'काही नाही' लिहिलंस की शिट्टी वाजवत शाळेत जातेस. मी पडल्या पडल्या ऐकतो. आई गेल्यापासून ऐकलीच नव्हती." मग हळूच म्हणाले, "रांधतेस तू तिघांचं."

मी कपाट उघडून आईची यादी वाचली. रोज तीन वाट्या तांदूळ. बीट अर्धा किलो. बीट आमच्यात फक्त आई खाते. मला काय हे माहीत नव्हतं? पण तिचं अक्षर होतं, त्यातलं काही कमी करायला हातच धजला नव्हता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"अजून एक महिना. शेवटचा."

मी पेन्सिल घेतली. आईच्या यादीला हात लावला नाही. शेजारी नवा कागद चिकटवला: तांदूळ दीड वाटी. भाज्या दोघांपुरत्या. बीट लिहिलंच नाही. मग त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि फ्रीजवर लिहिलं, फेकलं: भात, बीट. पाच आठवड्यांत तो रकाना इतका भरला नव्हता.

बाबांनी गणवेश चढवला, दाराशी थांबले. "आणि शिट्टी?"

मी ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. ते तेवढी ऐकून कामावर गेले.