माझ्या डोक्यावरचे शुक्रवार

मी पाळण्याची कडी. लोखंडाची, वितीपेक्षा लहान. खाली गोल, वर आटे. माझ्या खाली पाच महिन्यांचं बाळ झोपायचं, एवढीच माझी मोठी गोष्ट. मी काही गोड बोलणार नाही. माणसांचा मला वीट आलाय, आणि तो का आला ते आज सांगून टाकते.

माझा जन्म उल्हासनगरचा. एका पत्र्याच्या शेडमध्ये सळई तापवून, वाकवून मला केलं. बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात मी बिजागऱ्यांच्या शेजारी लटकत होते. एके दिवशी जयदेव आणि तुळशी आले. तो अंबरनाथला कारखान्यात कामाला, ती सातवी शिकलेली, जांभूळ गावची मुलगी. लेकीचं बारसं तोंडावर आलेलं. तुळशीनं मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि शेठला विचारलं, "तुटणार नाही ना?"

"अरे बहन, हाथी लटकाओ!" शेठ म्हणाले. "हाथी गिरेगा, ये नहीं गिरेगी."

जयदेव हसला. तुळशी हसली नाही. तिनं मला पदराला पुसून पिशवीत ठेवलं, तेव्हाच मला कळलं, ही बाई घाबरट आहे. नंतर कळलं, घाबरट नव्हती. बाकीचेच बेफिकीर होते.

त्यांचं घर बदलापूरला, मांजर्लीत. तीन मजली बिल्डिंग, हे पहिल्या मजल्यावर. मला छतात बसवायला वरच्या मजल्यावरचे हेमचंद्र आले. तेही अंबरनाथलाच, दुसऱ्या कंपनीत ऑफिसर. कंपनीचं ड्रिल मशीन घरी आणायचे आणि बिल्डिंगभर मिरवायचे. शुक्रवारचा दिवस होता. स्टुलावर चढून त्यांनी छताला भोक पाडायला घेतलं. तो आवाज! आतल्या खोलीत बाळ दचकून किंचाळलं. मीही त्याच आवाजातून या घरात आले, हे मला मान्य केलंच पाहिजे.

भोक बोटाच्या दोन पेरांएवढं झालं आणि हेमचंद्र थांबले.

"अजून थोडं आत घ्या ना, भाऊ," तुळशी खालून म्हणाली.

"वहिनी, अजून आत गेलं तर वर माझी लादी फुटेल. एवढं बास."

भोकात लाकडाचा गट्टू ठोकला आणि मला त्यात पिळून बसवलं. पक्की बसवली, असं सगळे म्हणाले. मी दोन पेरं आत होते. हे मला, तुळशीला आणि हेमचंद्रांना माहीत होतं, आणि हेमचंद्र तर चहा पिऊन विसरूनही गेले.

जांभूळहून, तुळशीच्या माहेरून, पाळणा आला. बारशाला आधी वरवंट्याला कुंची घालून झोका दिला, मग बाळाला. नाव ठेवलं मीनल. त्या दिवशी माझ्यावर पहिल्यांदा तिचं वजन आलं. इतकंसं वजन, पण खरं सांगते, मला भीती वाटली.

आता बिल्डिंगची रीत सांगते, म्हणजे माझी शिसारी तुम्हाला कळेल. जिन्याखाली सोसायटीची पाटी होती: घरातली ठोकाठोकी फक्त सुट्टीच्या दिवशी करावी. ऐकायला किती शहाणपणाचं! पण अंबरनाथच्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी, आणि मुंबईच्या ऑफिसांची रविवारी. म्हणजे शुक्रवारी वरचे हेमचंद्र ठोकणार आणि रविवारी शेजारचे, मुंबईला ऑफिसात जाणारे श्रीपाद. दोघांनी नियम पाळला. तान्ह्या बाळाच्या आईला सुट्टी कुठल्या वारी असते, हे त्या पाटीवर लिहायचं कोणाला सुचलं नाही.

आणि ठोकायचे तरी किती! श्रीपादनी सज्जा आत घेतला म्हणून हेमचंद्रांनी पोटमाळा काढला. हेमचंद्रांनी दारं बदलली म्हणून श्रीपादनी भिंतीत कपाटं कोरली. एक संपलं की दुसरं. पाहुणे आले की भिंतीवर मूठ आपटून दाखवायचे, "ठोकून बघा, ठोकून बघा!" मला तर वाटतं, या माणसांना घर राहायला नकोच होतं, ठोकायलाच हवं होतं.

खाली आमच्याकडे काय यायचं? धूळ. सांडग्यांच्या ताटावर धूळ, पाण्याच्या कळशीत धूळ. मोरीच्या छतातून सिमेंटचं राखाडी पाणी ठिबकायचं, ते एकदा मीनलच्या धुतलेल्या दुपट्यांवर सांडलं आणि तिथंच कडक झालं. जयदेवच्या आईनं, माईंनी, मऊ भात कालवला, तर घासात कचकन खडा. माई थुंकल्या आणि म्हणाल्या, "वरच्यांचं घर आता आपल्या पोटात येतंय गो!"

हसले सगळे. मी नाही हसले. कारण प्रत्येक घावाला माझा गट्टू भोकात केसाएवढा सरकत होता.

एका शुक्रवारी तुळशीला मीनलच्या कपाळावर पांढरी भुकटी दिसली. तिनं फुंकर घातली, बोटानं टिपली, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे पाहिलं.

"अहो, कडी सैल झालीये."

"चुना पडतो गं तो," जयदेव म्हणाला. "तू उगाच टेन्शन घेते."

"तुम्ही बघा तरी."

तो स्टुलावर चढला, एका हातानं मला धरलं आणि हलवलं. "बघ, हलली? घट्ट आहे." तेव्हा मी खरंच हलले नाही. हलले असते तर बरं झालं असतं.

तुळशी वर गेली. परत आली ती लाल तोंड घेऊन. काय झालं ते माईंना सांगत होती, ते मी ऐकलं. "मी म्हटलं, भाऊ, जरा हळू, खाली बाळाचा पाळणा आहे. तर म्हणतात, तुमची कडी बसवली तेव्हा ड्रिल काय भजन गात होतं? म्हणतात, रविवारी श्रीपाद ठोकतो त्याला जाऊन सांगा. मग मी श्रीपाद भावजींकडे गेले, तर ते म्हणतात, शुक्रवारवाल्याला सांगा."

"मग पोरीला खाली निजव."

"खाली निजत नाही ती, माई. पाळणा लागतो."

"तर मग गप ऱ्हा. तुझा जीवच बारका."

तुळशी गप्प बसली नाही. तिनं काय केलं, ते बिल्डिंगमध्ये अजून लोक सांगतात, आणि चुकीचं सांगतात. म्हणतात तिचं डोकं फिरलं होतं. मी तिथं होते. तिचं डोकं सगळ्यांत जागेवर होतं.

पुढच्या शुक्रवारी हेमचंद्रांकडे संगमरवर आला. पांढरा. आधीच्या लाद्या उखडायला मिस्त्री घण घेऊन बसला. पहिला घाव पडला आणि तुळशीनं मीनलला पाळण्यातून उचलून कडेवर घेतलं. पोर रडून रडून निळी व्हायची वेळ. आणि तुळशीनं स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, पाळण्यात ठेवला आणि झोका दिला.

माई ओरडल्या, "अगो, जितं पोर कडेवर आणि दगडाला झोका?"

"रिकामा पाळणा हलवायचा नाही म्हणता ना? मग हा घ्या भरलेला."

"शोभतं का हे?"

"मला बघायचंय, माई. फक्त बघायचंय."

जयदेव पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "पोरगी रडतेय आणि हिचं काय चाललंय!"

वर घण पडत होता. धाड. धाड. तुळशी एका हातानं लेकीला थोपटत होती आणि दुसऱ्या हातानं पाळण्याची दोरी ओढत होती. मी सगळा जोर लावून गट्टूला धरून राहिले. मला वाटत होतं, मी टिकावं. आणि मला वाटत होतं, मी पडावं, आत्ता, दगड आहे तोवर. कडीला दोन्ही कसं वाटू शकतं, मला विचारू नका.

विसावा-बाविसावा घाव असेल. गट्टू निसटला. मी, पाळणा आणि वरवंटा एकदम खाली आलो. जमिनीवरची लादी चौफेर तडकली. पाळण्याची एक बाजू मोडली. आणि मीनलसुद्धा दचकून रडायची थांबली.

जयदेव लादीकडे बघत उभा राहिला. माईंनी बसकण मारली.

आवाज ऐकून हेमचंद्र खाली आले. अंगावर बनियन, भुवयांवर धूळ. त्यांनी छतातलं भोक पाहिलं, मोडका पाळणा पाहिला, वरवंटा पाहिला. आता तरी माणूस काही बोलेल, असं मला वाटलं. बोलले.

"बाळाला लागलं नाही ना? मग झालं तर. लादी फुटलीच आहे, जयदेव, तूही मार्बल टाकून घे. आलेल्या मिस्त्रीकडून होऊन जाईल. आणि कडी काय, पाच मिनिटांचं काम. मशीन आणतो, दुसरीकडे भोक पाडून देतो."

मी लोखंडाची आहे, मला ओकारी येत नाही. त्या दिवशी आली असती.

तुळशीनं मला उचललं, माझ्या आट्यांत अडकलेल्या गट्टूसकट. मीनलला खांद्यावर टाकलं आणि जिना चढून सरळ हेमचंद्रांच्या घरात गेली. माझ्या डोक्यावर इतके दिवस काय होतं, ते मी तेव्हा पाहिलं. अर्धी खोली उखडलेली, अर्धी शाबूत. शाबूत लाद्यांवर, मिस्त्रीच्या समोर, तुळशी मांडी घालून बसली, मीनलला मांडीवर घेतलं आणि थोपटू लागली.

"भाभी, उठो ना," मिस्त्री म्हणाला. "टाइम खोटी होता है."

"ही निजली की उठेन."

हेमचंद्र धापा टाकत वर आले. "वहिनी, हा काय तमाशा?"

तुळशीनं मला पुढं केलं. "भाऊ, ही कुठवर आत गेली होती, ते तुमच्या बोटानं मोजा. तुमची लादी वाचावी म्हणून दोन पेरांवर थांबलात. माझी पोर त्याच दोन पेरांवर निजत होती. आता तुम्ही स्वतःच ती लादी फोडताय. फोडा. ही इथं निजतेय, हिच्या बाजूनं फोडा."

हेमचंद्रांची बायको कुमुदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आतापर्यंत ती कधी काही बोललेली मी ऐकलं नव्हतं. ती मिस्त्रीला म्हणाली, "भैया, घण ठेवा." मग नवऱ्याला म्हणाली, "आणि तुम्ही आंघोळ करा. तुमच्याकडे बघवत नाहीये मला."

मीनल तिथंच झोपली. उखडलेल्या खोलीत, पाळण्याशिवाय, चार वाजेपर्यंत.

काम पुढं झालंच. संगमरवर कुठं थांबतो! पण दर शुक्रवारी घण उचलायच्या आधी कुमुदिनी खिडकीतून हाक मारायची, "तुळशी, मिनू उठली का गं?" आणि तुळशी "हो" म्हणेपर्यंत मिस्त्री बसून राहायचा. ती उत्तर द्यायला भरपूर वेळ लावायची, आणि लावावाच. श्रीपादांकडेही तिनं तीच पद्धत घालून दिली. त्यांनी कुरकुर केली, पण तडकलेली लादी येऊन पाहिली तेव्हापासून तेही आधी हाक मारू लागले.

मी मात्र वरच राहिले होते. तुळशीनं मला खिडकीखाली ठेवलं ते ठेवलं. नवी फरशी बसल्यावर सिमेंट मुरायला तिच्यावर ओलं गोणपाट अंथरलं, त्याखाली मीही चुकून आले आणि आठवडाभर भिजत पडले. गोणपाट काढलं तेव्हा पांढऱ्याशुभ्र दगडावर माझा गोल तांबडा डाग उठला होता. लिंबू लावलं, सोडा लावला, शेवटी ॲसिड टाकलं. दगड खरखरीत झाला, डाग गेला नाही. हेमचंद्रांनी त्यावर स्टूल ठेवलं आणि मला खिडकीतून फेकून दिलं.

आता मी बिल्डिंगच्या मागे, सांडपाण्याच्या पाइपाशेजारी गवतात पडले आहे. गंजून अर्धी झाले. मीनल चालायला लागली, तिची पावलं मला इथून ऐकू येतात. समोर नवी बिल्डिंग उभी राहतेय, तिथं नवी माणसं येतील, नवे घण येतील. तुम्हीही त्यांतले असाल, तर पहिला घाव घालण्याआधी खालच्या मजल्यावर एक हाक मारा. पाटीवरचा वार बघू नका, हाक मारा. आणि तिथून एखादी बाई म्हणाली की थांबा, मला भीती वाटतेय, तर तिला हसू नका.

माझं एकच मागणं आहे. गवतात मी दिसले आणि कोणाला वाटलं, चांगली आहे, घासून-पुसून लावू, तर लावू नका. मला भंगारात द्या. कोणाच्या बाळावर टांगू नका.