मागून मारलेली हाक

नागपूरच्या मानेवाड्यातल्या त्या घरी सत्यनारायण होता. गॅसवर प्रसादाचा रवा भाजला जात होता, नवी सून माया टॉवेल घेऊन न्हाणीबाहेर उभी होती, आणि थोरली सून भूमिका मागच्या खोलीत बसली होती. बस म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं. विधवा होऊन दीड वर्ष झालं की अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

तिचा नवरा गोलू किचन-बाथरूमच्या फिटिंगचा कारागीर. दीड वर्षापूर्वी एका सकाळी तो एका फ्लॅटमधल्या ओल्या न्हाणीत टाइल्सला भोकं पाडायला निघाला आणि रबरी बूट दाराशीच विसरला. भूमिकाने मागून हाक मारली, "अजी, बूट राहिले!"

"काहून मागून हाक मारून राहिली वं?" सासू भागीरथाबाई कडाडल्या. "अपशकून होते! गोलू, वळू नको गा मागं."

गोलू हसला. आईचा शब्द म्हणून वळला नाही, स्लिपरवरच गेला. दुपारी फोन आला: ड्रिल चालवताना शॉक लागून गोलू गेला. तेराव्याच्या आत घरात निकाल लागला होता: पांढऱ्या पायाची सून, तिच्या हाकेनं पोरगा गेला. हाकेचं पोस्टमॉर्टम होत नाही, त्यामुळे या निकालावर अपीलही नव्हतं.

गेले नऊ दिवस भूमिका शिवणक्लासला म्हणून बाहेर पडत होती. एक टाका घातला नव्हता, पण काय शिवलं ते दाखव, असंही कोणी म्हटलं नाही. विधवेचा ब्लाउज कोण पाहतो? ती जात होती बर्डीच्या बाजारपेठेत, न्हाणी-स्वयंपाकघराचं काम करणाऱ्या फिटरांच्या वीजसुरक्षेच्या वर्गाला. अकरा पुरुष आणि ती. शिकवणारे कृष्णकांत सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "करंटले जमिनीत जायले वाट पाहिजे. ती वाट म्हणजे ही हिरवी वायर, अर्थिंग. ती कापली, अन मशीनच्या अंगात करंट उतरला, तर तो तुमच्यातून वाट काढते."

त्या संध्याकाळी तिने दिवाणाखालची पोतडी ओढून गोलूचं जुनं, लोखंडी अंगाचं ड्रिल मशीन पाहिलं. तीन पिनांच्या जागी दोन पिनांचा प्लग होता. आत हिरवी वायर मुळापासून कापलेली. ती कोणाला काही बोलली नाही. बोलून गोलू परत येणार नव्हता.

आज मात्र न्हाणीतून सासऱ्यांचा आवाज आला. रुपराव स्वतः तीस वर्षांचे फिटर; मायाच्या माहेरहून आलेला गिझर त्यांनीच बसवला होता. "झालं बापा! सूनबाई, पहिलं गरम पाणी तुमचं."

भूमिका केरसुणी घेऊन उठली. न्हाणीच्या उंबऱ्याशी कचऱ्यात बोटभर हिरवी वायर पडली होती.

तिने केरसुणी टाकली आणि भिंतीवरचं मेन स्विच खाली ओढलं. पंखा थांबला. स्पीकरवरची आरती अर्ध्यात तुटली. दोन्ही हात चौकटीला लावून ती न्हाणीच्या दारात उभी राहिली.

"माया, आत नको जाऊ."

"पहा बापा!" भागीरथाबाई धावल्या. "पूजेच्या दिवशी तोंड समोर आणलं! एकाले खाल्लं, पोट नाही भरलं काय वं?"

मायाचा नवरा अमोल कुजबुजला, "वहिनी, पाहुणे येऊन राहिले. तमाशा नका करू."

"मामाजी," भूमिकाने तुकडा सासऱ्यांपुढे धरला, "हे काहून कापलं?"

रुपराव हसले. "त्याचं काय काम? आपल्या घरात त्याची लाइनच नाही. तीस वर्षं झाले, कापूनच फेकतो. शिवणक्लासवाली मले शिकवून राहिली!"

"शिवणक्लास नाही, फिटरचा क्लास आहे. सोमवारी परीक्षा आहे माही. माया, दिवाणाखाली पोतडी आहे, आण."

नव्या सुनेने सासूकडे पाहिलं, मग जावेकडे. आणि पोतडी आणली.

"या मशीनची पिन कोणी बदलली होती, मामाजी?"

रुपरावांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली आला. त्यांनी तो दोन पिनांचा प्लग हातात घेतला. "बोर्डाले दोनच छेद होते," ते म्हणाले. "त्याले म्हटलं, आण, मी बदलून देतो."

"तुमच्या गोलूले माह्या हाकेनं नाही मारलं. या पिनेनं मारलं. अन आत्याबाई, बूट घालाले ते वळले असते. तुम्ही वळू नाही दिलं. हे मी कधी बोलणार नव्हती. पण मले जे म्हणायचं ते म्हणा, या दारातून दुसरं माणूस मी जाऊ देणार नाही."

मायाने टॉवेल खांद्यावर टाकला. "मी गॅसवर पाणी तापवतो," ती म्हणाली. "अन ताई, तुम्ही या न इकडं. रवा करपून राहिला."

दीड वर्षांनी भूमिका प्रसादाच्या कढईपाशी उभी राहिली. रवा खरंच करपला होता. पाहुण्यांनी तो गुपचूप खाल्ला.

माफी कोणी मागितली नाही. आपल्या घरांत माफी तोंडाने मागत नाहीत. रुपरावांनी आरतीआधी गिझरची जोडणी काढली. दुसऱ्या दिवशी, कृष्णकांत सरांनी पाठवलेला वायरमन जागा दाखवत होता आणि ते पहार घेऊन अंगणात अर्थिंगचा खड्डा खणत होते. मध्येच थांबून डोळे पुसत. घाम म्हणू या. भागीरथाबाई दोन दिवस भूमिकाशी बोलल्या नाहीत.

सोमवारी ती परीक्षेला निघाली. जोडणी करून दाखवायची होती, रबरी बूट आणायला सांगितले होते. फाटकाशी पोचली तोच मागून आवाज आला.

"भूमिका! बूट राहिले न वं!"

भागीरथाबाई दारात उभ्या होत्या, हातात गोलूचे रबरी बूट. आपण काय केलं ते कळून त्यांनी पदर तोंडावर दाबला.

भूमिका पूर्ण वळली. परत आली, पायरीवर बसली, बूट घातले. मोठे होत होते. टोकात कापड कोंबलं. "येते, आत्याबाई," म्हणाली आणि गेली.

आपल्याही दारातून रोज कोणी कामाला निघतं. काही राहिलं असेल तर मागून हाक मारा. मोठ्याने मारा.