फ्रिजमधली बरणी

सांगून टाकते: बरणी मीच रिकामी केली. फ्रिज उघडला की कुजक्या कोळंबीसारखा भपकारा यायचा. शेवटी काहीतरी नासलंय असं समजून मी ती मोरीत ओतली, घासली आणि उपडी घातली. संध्याकाळी भाची आली, बरणी बघून मटकन खाली बसली. त्यात कातरीची शी होती. महिनाभर समुद्र पालथा घालून जाळीनं गोळा केलेली.

कातरी म्हणजे शेपटीला खाच असलेली देवमाशाची मादी. दोन वर्षांपूर्वी ती मासेमारीच्या दोरात अडकली होती, पार खंगली होती. आता तिला पिल्लू होईल का, हे देवमाशांचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीला जाणून घ्यायचं होतं. गाभण असेल तर शीवरून कळतं. सुई नाही, टोचणं नाही, अंगाला हात नाही. आणि भाचीची बोट चालवणारी मी, तीच तिच्या कामाच्या मुळावर उठले! भाचीनं रिकामी बरणी पुसून कपाटात ठेवली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर वर्षभर कातरी दिसलीच नाही. यंदाच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी लांब फवारा उडाला, शेपटी वर आली. खाच!

"मावशी, इंजिन बंद."

"अगं, लांब चाललीय ती! जरा पुढं घेते."

"बंद म्हणजे बंद. पाठलाग करायचा नाही. वाटलं तर येईल ती."

मी चडफडत किल्ली फिरवली. पाऊण तास नुसतं डुचमळत बसलो. माझे हात शिवशिवत होते, पण बोट हलवली नाही.

मग हाकेच्या अंतरावर पाणी फुगलं. काळी पाठ, त्यावर दोराचा पांढरा वण. आणि तिच्या कुशीला दुसरा फवारा, एवढासा.

"अगं बाई! पिल्लू!" मी ओरडलेच.

भाचीनं भराभर फोटो काढले, कॅमेरा ठेवला आणि माझ्या गळ्यात पडली. "मावशी, त्या बरणीत हेच उत्तर होतं गं."

मला रडू कोसळलं. वर्षभराचं ओझं उतरलं. ती दोघं गेल्यावर पाण्यावर तांबूस शी तरंगताना दिसली, तेव्हा जाळी मीच टाकली.

घरी पोचेपर्यंत बरणी माझ्या मांडीवर होती. मेला वास मरणाचा होता. मी वरच्या कप्प्यातलं दूध खाली ठेवलं आणि बरणी तिथं ठेवली.