पंधराच्या आत

जन्माला आलेल्या प्रत्येक माणसाला वय असते आणि ते सिद्ध करता येते, या भक्कम पायावर इंग्रजी न्याय उभा आहे. बुलढाण्याच्या कोर्टात साक्षीसाठी उभ्या असलेल्या गोजरबाईला हा पाया कोणी दाखवलेला नव्हता.

“मुलगा कधी झाला?” वामनराव वकिलांनी विचारले.

“मानमोडी सरल्यावर,” ती इतक्या हळू बोलली की पेशकाराने उचललेली लेखणी परत ठेवली.

“मोठ्यानं बोल बाई. साहेबांना ऐकू गेलं पाहिजे.”

“साहेबाले जाऊ द्या जी. बाकीच्यायले नको.”

बाकीचे म्हणजे कोण, हे कोर्टाने विचारले नाही.

तिचा मुलगा उकंडा पलीकडे शिपायाच्या बाजूला उभा होता. त्याच्या शेजारी वहाब, गावातल्या नूरजहांबीचा मिशा फुटलेला मुलगा. दोघांनी मिळून रोहिणखेडच्या भगवानराव पाटलांची कोठी रात्री फोडली आणि दोन पितळी घागरी व बैलांच्या घुंगरमाळा पोत्यात भरून मलकापूरची वाट धरली. वाटेत पोते वाजत होते. चोरांच्या हुशारीबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत सजा होऊ शकते, असे वामनरावांनी गोजरबाईला सांगितले होते. पण पोरगा पंधराच्या आतला निघाला तर जेल नाही. सरकार त्याला शाळेत घालील. पोराला शाळेत घालणे तिला आजवर जमले नव्हते. ते सरकार परस्पर करत असेल तर तिची हरकत नव्हती. मानमोडीच्या तापाच्या साथीला अजून पुरती पंधरा वर्षे झाली नव्हती, तेव्हा त्यानंतर जन्मलेला जो तो कायद्याने लेकरूच होता. उकंडा नंतरचा, एवढेच दाखवायचे होते.

सरकारी बाजूचे फौजदार उठले. त्यांच्या हातात गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची नक्कल होती.

“निवृत्तीच्या बायकोला, म्हणजे या बाईला, मानमोडीच्या तीन वर्षं आधी मुलगा झाला. नाव शेषराव. तो मेल्याची नोंद नाही. मानमोडीच्या पुढच्या साली झाली ती मुलगी. तेव्हा हुजूर, समोर उभा आहे तो शेषराव, वय अठरा. आणि मुलगी कुठं आहे, ते बाईनं सांगावं.”

साहेबांनी गोजरबाईकडे पाहिले. गोजरबाईने छताच्या कोपऱ्याकडे पाहिले. मग तोंडावर पदर धरला. साहेबांनी घड्याळ पाहून कोर्ट जेवणासाठी उठवले.

बाहेर लिंबाखाली नूरजहांबी बसली होती. उकंड्याच्या वेळची सुईण तीच. मुलगा आत आरोपी म्हणून आणि आई बाहेर दुसऱ्याच्या मुलाची साक्षीदार म्हणून, असा तिचा दिवस चालला होता.

“बोलत काऊन नाई व गोजरे? मुकी झाली का?”

“कसं बोलू? तीन लेकरं गेले तवा हा राह्यला. त्याले शेनकचऱ्याच्या उकंड्यावर लोळवला, नाक टोचलं, पोट्टी पोट्टी म्हनून वाढवला. पोट्टे नेनाऱ्या सटवीले आजवर पत्ता नाई. आन् आता भर कचेरीत वरडून सांगू, माहा पोट्टा हाय म्हनून?”

नूरजहांबीने पान जुळवले.

“सटवी रोहिणखेडची ना?”

“हो.”

“मंग ते काऊन घाट चढून येते इथं? तिले का समन्स गेलं?”

गोजरबाईला हे पटले. निदान पटल्यासारखे झाले. तरी आत जाताना ती दारात थांबली आणि तिने दोन्ही बाजूंना पाहून घेतले.

“शेषराव कुठं आहे?” फौजदारांनी पुन्हा विचारले.

“मानमोडीत गेला.”

“मग त्याची नोंद का नाही?”

“नोंद करनारा मोतीराम कोतवालच आंधी गेला जी.”

“आणि मुलगी?”

गोजरबाईने एकदा उकंड्याकडे पाहिले. मग एवढ्या मोठ्याने बोलली की बाहेरचा पट्टेवाला आत डोकावला.

“पोट्टी नवतीच. हाच होता. सटवीले फसवासाठी साऱ्या गावाले पोट्टी सांगतली. नवीन कोतवालालेबी.”

“म्हणजे सरकारला फसवलं.”

“सरकारले कायले फसवू जी? सरकार मधात आलं.”

साहेबांनी रुमालाने तोंड पुसले. ते जरा जास्त वेळ पुसत राहिले.

नूरजहांबीने येऊन सांगितले की नाळ तिनेच कापली, पोट्टाच होता, आणि खुद्द निवृत्तीलाही बारशापर्यंत पोट्टीच सांगितली. “बिचारा तोंड पाडून वावरात जाये,” ती म्हणाली. “मले लय दया ये. पन सांगतलं नाई.” मग साहेबांनी उकंड्याला जवळ बोलावले. नाकपुडीवर भोक होते.

“यात काय घालत होतास?”

“मुरनी.”

“कधी काढली?”

“पोट्टे चिडवाले लागले तवा.”

शेषरावाचे नाक कधी टोचले नव्हते, हे दोघींनी शपथेवर सांगितले. निकाल त्याच दिवशी झाला. देवीला फसवण्यात सरकारला फसवण्याचा हेतू दिसत नाही, असे साहेबांनी लिहिले आणि उकंडा पंधराच्या आतला ठरला. त्याला जेलऐवजी जबलपूरच्या शाळेत धाडावे. वहाबच्या वयाबद्दल कोणी काही विचारले नाही. पहिलाच गुन्हा, माल सापडलेला, म्हणून त्याला अकोल्याच्या जेलात सहा महिने सक्तमजुरी. पेशकाराने हुकूम भराभर वाचला. गोजरबाईने त्यातला ‘शाळा’ हा शब्द ऐकला आणि पुढचे ऐकणे सोडून दिले. वामनरावांचे बार-रूममध्ये कौतुक झाले.

घाट उतरताना दोघी एकाच बैलगाडीत होत्या. गोजरबाईने फडक्यातली भाकर मोडून मोठा तुकडा नूरजहांबीला दिला.

“खाय व. तुह्यावर बाका वकत आला.”

“माह्या वहाबले कोनी इचारलंच नाई,” नूरजहांबी म्हणाली, “कवा झाला म्हनून. मले तारीखबी याद होती.”

“मीच तुह्यासाठी काई बोलली नाई.”

“तू का बोलत? तुहं तुलेच बोलता येत नवतं.”

दोघी हसल्या. मग नूरजहांबी रडली आणि गोजरबाई उतारभर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पोरगा शिकून येणार, असे गोजरबाई गावात कोणी विचारले नाही तरी सांगे. मुदतीचे तिला वामनरावांच्या कारकुनाने पुढे केव्हातरी समजावले. त्या शाळेत सुतारकाम शिकवत, आणि तीन वर्षांच्या आत ते येत नाही असा सरकारचा अनुभव असल्याने त्याहून कमी मुदतीवर मुलगा घेत नसत.

वहाब कापूस वेचणीच्या सुमारास घरी आला. उकंड्याची तेव्हा अडीच वर्षे बाकी होती.