पोटात घातलेली चूक

पोत्यांच्या ढिगाखालून बोलतोय तो मीच, कार्लोवो गावाजवळच्या गुलाबतेलाच्या भट्टीतला जुना कॉम्प्युटर. अठरा वर्षं इमानेइतबारे राबलो म्हणून माझं फार कौतुक व्हायचं. त्या कौतुकाची आता मला लाज वाटते.

मला इथे एवलोगीकाकांनी आणलं. सात हंड्यांत गुलाबपाकळ्या उकळायच्या आणि हंडा ठरलेल्या आकड्याच्या वर तापला की त्याची वाफ बंद करायची, असा प्रोग्राम त्यांनी स्वतः सी भाषेत लिहिला. सात हंड्यांच्या तापमानासाठी सात घरांची ॲरे, म्हणजे ओळीने लागून सात जागा, केली. सीमध्ये पहिल्या घराचा नंबर शून्य असतो, म्हणजे सातव्याचा सहा. काकांनी मात्र हंड्यांवर रंगवलेले नंबरच घेतले, एक ते सात. त्यामुळे सातव्या हंड्याचं तापमान ॲरेच्या बाहेर, शेजारच्या जागेत जाऊन पडायचं.

माझ्याकडे ती जागा रिकामी होती. मी ते तापमान तिथे ठेवून घ्यायचो आणि मागितलं की परत द्यायचो. पहिल्याच दिवशी अडून बसलो असतो, तर काकांनी हसत हसत दहा मिनिटांत दुरुस्त केलं असतं. पण मी त्यांची चूक पोटात घातली.

यंदा मेमध्ये झोर्नित्सा या नव्या इंजिनिअर मुलीने हट्टाने नवा कॉम्प्युटर आणवला. प्रोग्राम तोच. नव्याकडे मात्र शेजारच्या जागेत नेमका वाफ बंद करण्याचा आकडा होता. सातव्या हंड्याचं तापमान त्याच्याच उरावर जाऊन बसलं. हंडा तापत गेला तसा आकडाही चढत गेला. वाफ बंद झालीच नाही आणि हंडाभर पाकळ्या करपल्या.

"अठरा वर्षं चाललेला प्रोग्राम तुझ्याच हातात कसा गं बिघडला?" मालक म्लादेन म्हणाले. "शनिवारपर्यंत सापडलं नाही, तर दुसरीकडे नोकरी बघ."

"नव्या यंत्रांना कसली आलीय अक्कल," काका मिशीत हसले.

तिने मला अडगळीतून काढून नव्याच्या शेजारी बसवलं आणि दोघांवर प्रोग्राम लावला. माझी उत्तरं बिनचूक. पुन्हा लावला, पुन्हा बिनचूक. तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मला विचारलं तेवढंच सांगता येतं.

मग तिने कुठलं तापमान कुठल्या जागेत पडतंय, तेच छापायला लावलं. एवढं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं.

"काका, हा सातवा बघा. कुंपणाबाहेर पडलाय."

काकांनी चष्मा पुसला, परत घातला. 

"हंडे मी एकपासून मोजले," ते म्हणाले. "तू बस, पोरी. म्लादेनला मी सांगतो."

झोर्नित्साची नोकरी राहिली. मी परत पोत्यांखाली आलो. मला कुणी पुन्हा सुरू केलंत, तर कृपा करून माझ्या बरोबर उत्तरावर विसंबू नका. तोच प्रोग्राम दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवरही लावून बघा.

काका त्या दिवसानंतर भट्टीवर आले नाहीत. जाताना माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू तरी मला सांगायचंस रे."