निळ्या फुलांचा कप

"चपला टोपलीत," बोटीवरच्या मुलीनं हसून खुणेनंच सांगितलं. नीलांबरीनं आधी आपल्या काढल्या, मग वाकून अजितचे सँडल उचलले आणि दोन्ही जोड एकमेकांत अडकवून वेताच्या मोठ्या टोपलीत कडेला ठेवले. कॅटामरानवर अनवाणीच चढायचं असतं, हे तिला आवडलं. देवळात शिरल्यासारखं वाटलं.

"आई, इथे कुणी चोरत नाही," अवनी म्हणाली.

"चोरत नाही गं. उतरताना शोधत बसायला नको."

अजितच्या गळ्यात पारदर्शक प्लास्टिकचं पाऊच लटकत होतं. आत तिघांचे पासपोर्ट, तिच्या रंगीत रुमालात गुंडाळलेले. हॉटेलच्या कपाटावर त्याचा विश्वास नव्हता. सतरा वर्षं परदेशात काढली, पण कागदपत्रं कायम त्याच्याच छातीशी.

"मंगळसूत्र मी घातलंय की तुम्ही?" तिनं विचारलं.

अवनी खळखळून हसली. अजितही हसला, पण जरा उशिरा.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ही सहल होती. अजितनंच ठरवली. हॉलंडमधला फेब्रुवारी, उइटहॉर्नच्या कालव्यावर राखेच्या रंगाचं आभाळ, आणि एका संध्याकाळी त्यानं लॅपटॉप तिच्यापुढे फिरवला होता. कॅरिबियन समुद्रातलं कुरासाव बेट. तिथून दिवसभराची बोट, लांब समुद्रातल्या एका निर्मनुष्य बेटावर नेऊन आणणारी. "कासवं दिसतात म्हणे," तो म्हणाला होता. एवढ्या वर्षांत त्यानं आपणहून तिला कुठे नेलं नव्हतं. ती त्या चित्रातल्या निळ्याकडे बघत राहिली होती आणि मनात म्हणाली होती, निरोपाची सहल दिसते. जायच्या आधी एकदा बघून घेऊ म्हणत असतील.

कारण जायचं ठरलेलं होतं. अवनीची शाळा संपली की वाईला. आले त्या वर्षीच ठरलं होतं ते. शाळा संपून अवनी डेल्फ्टला शिकायला गेली, अठरा पूर्ण होताच तिनं हॉलंडचं नागरिकत्व घेतलं. नीलांबरी त्या समारंभाला गेली होती, टाळ्या वाजवल्या होत्या, तिथे मिळालेले ट्यूलिपचे कांदे कुंडीत लावले होते. पोर इथेच वाढली, इथलीच होणार. पण आपण दोघं जायचं. वाईला सुहासिनीमावशीनं माडीवरची खोली रंगवून ठेवली होती. मावशी ऐंशीच्या पुढची. जात्यावरच्या, पाळण्याच्या, माहेरच्या ओव्या तिच्या गळ्यात होत्या, आणि तिच्यामागे त्या म्हणणारं कुणी नव्हतं. नीलांबरीला त्या शिकायच्या होत्या. फोनवर नाही, मांडीला मांडी लावून. दर रविवारी मावशी विचारायची, "येतेस ना बाई? माझा आवाज आहे तोवर ये." आणि ही सांगायची, "आलेच. या दिवाळीला कायमची आले."

हॉलंडमध्ये ती शिपोल विमानतळाजवळ बाडहूव्हडॉर्पला एका धुलाई केंद्रात होती. विमानातली पांघरुणं धुऊन यायची, त्यांच्या घड्या घालायच्या. आडवी, उभी, पुन्हा आडवी, कंपनीची खूण वर. कधी कधी घडीवर हात फिरवत ती त्या पांघरुणाशीच बोलायची. जा बाबा, मुंबईला जा, मी येतेच मागून.

बोट धक्क्यावरून सुटली. दोन लांब होड्या, त्यांच्यावर टाकलेला एकच सपाट डेक, आणि पुढच्या बाजूला दोन्ही होड्यांच्या मधे ताणलेलं जाळं. जाळ्यावर निजलं की खाली सरळ समुद्र. वारा समोरचा होता. लाटा उसळून जाळ्यातून वर यायच्या आणि सगळे भिजून ओरडायचे. थोड्याच वेळात निम्मे प्रवासी कठड्याला धरून पांढरेफटक बसले. अजितही. नीलांबरीला काहीच होत नव्हतं. ती जाळ्यावर मांडी घालून बसली होती, ओढणी कमरेला खोचून, ओठांवरचं मीठ चाटत. पाण्यातून चांदीच्या पात्यासारखे मासे उडाले, सरळ रेषेत हवेतून गेले आणि दूर जाऊन मिटले.

"बघितलंत?" ती ओरडली. "उडाले. माशांना पंख फुटलेत हो इथे."

"बघितलं," अजित डोळे मिटूनच म्हणाला.

बेट दिसायला लागलं तसा वारा पडला. कॅप्टननं ध्वनिक्षेपकावर सांगितलं की आज बोटीवर लग्नाची पंचवीस वर्षं साजरी करणारं एक जोडपं आहे. टाळ्या पडल्या. कुणीतरी लाल सरबताचे पेले आणून दिले.

"आई, तो नेम-पोएम घे ना," अवनी फोन पुढे धरत म्हणाली. "व्हिडिओ करते. उखाणा."

"इथे? यांना काय कळणार?"

"सो व्हॉट? मला कळतं."

नीलांबरी उभी राहिली. बोट डुलत होती, तिनं एका हातानं दोर धरला. उखाणा तिला कधी शोधावा लागत नसे, तो दारात उभाच असायचा. तिनं समुद्राकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"दोन होड्या, एक शीड, वारा भरला दाट,
अजितरावांचं नाव घेते, धरून परतीची वाट."

अवनीनं फोन खाली घेतला. जरा जास्तच पटकन घेतला. बाकीच्यांनी न कळताच टाळ्या वाजवल्या. अजित सरबताच्या पेल्यात बघत होता.

त्या टाळ्यांमधूनच एक बाई पुढे आली. चाळिशीची, उन्हानं लाल झालेली, डोक्यावर पिवळी टोपी. तिनं अजितच्या दोन्ही खांद्यांना धरलं.

"तुम्हीच ना ते?" ती डच भाषेत म्हणाली. "मघापासून बघतेय. मी लुसिया, ब्राझीलची. खेमेंटेत तुमच्या शेजारी उभी होते, डिसेंबरमध्ये. मला रडू आलं आणि माझा झेंडा तुम्ही धरलात."

खेमेंटे म्हणजे नगरपालिका. नीलांबरीला डच बेताचंच येई, पण हे सगळे शब्द तिला येत होते. झेंडा. डिसेंबर. शेजारी.

"तुमची चूक होतेय," अजित म्हणाला.

"छे, चूक कसली." लुसियानं फोन काढला, बोटानं भराभर मागे गेली आणि तो नीलांबरीपुढे धरला. "हे बघा. हा माझा नवरा, ही मी, आणि हे तुमचे मिस्टर."

फोटोत अजित होता. निळा कोट, जो नीलांबरीनं इस्त्री करून दिला होता, ऑफिसात वर्षअखेरीचं जेवण आहे म्हणाला होता म्हणून. उजव्या हाताची दोन बोटं नागरिकत्वाच्या शपथेसाठी वर केलेली. दुसऱ्या हातात एक खोका, त्यावर निळ्या फुलांच्या कपाचं चित्र.

"तो कप आहे का अजून तुमच्याकडे?" लुसिया आनंदानं विचारत होती. "माझा पहिल्याच आठवड्यात फुटला."

तो कप त्यानं घरी आणला होता तेव्हा म्हणाला होता, ऑफिसात सगळ्यांना दिलेत. तुला घे, तुला निळं आवडतं.

"नाही फुटला," नीलांबरी तुटक्या डचमध्ये म्हणाली. "रोज चहा पिते मी त्यात."

मग तिनं लुसियाचा हात हातात घेतला आणि तिचं अभिनंदन केलं. त्या बाईचा काय दोष होता.

बेटावर पांढरी वाळू होती, गुलाबी पडलेलं एक जुनं दीपगृह होतं, आणि झाड म्हणाल तर चार-दोन माड. माणसं चष्मे आणि नळ्या लावून पाण्यात उतरली. नीलांबरी गवताच्या छपराखाली बसली. तिनं सोबत आणलेला दशम्यांचा डबा उघडला, अजितपुढे एक ठेवली आणि डबा बंद केला.

"नीलू, आज सांगणारच होतो," अजित म्हणाला. "इथे. म्हणून तर ही सहल..."

"म्हणजे पंचवीस वर्षांसाठी नाही."

"तसं नाही गं. तुला जरा बरं वाटावं, मोकळ्या जागी..."

"मावशीकडे बकऱ्याला पाला घालायचे," ती म्हणाली, "कापायच्या आधी."

तो वाळूत बोटानं रेघा ओढू लागला. "तिकडे जाऊन मी काय करू? बावन्न वर्षांचा माणूस. पुण्यात कोण घेणार मला? इथे पेन्शन आहे, अवनी आहे, डॉक्टर आहे. आणि जाता येतं ना तिकडे. आयुष्यभराचा व्हिसा मिळतो. दर वर्षी जाऊ की."

"पाहुणे म्हणून."

"शब्दांत कशाला धरतेस?"

"मी शब्दच धरलाय, अहो. तुम्ही दिला होतात. त्यावर सतरा वर्षं दुसऱ्यांच्या पांघरुणांच्या घड्या घातल्या."

समुद्रावरून कुणाचं तरी हसणं आलं. एक कासव अगदी काठाजवळ वर आलं, श्वास घेतला, खाली गेलं. दोघांनीही ते बघितलं आणि एकमेकांना दाखवलं नाही.

"भांडली असतीस तर मी थांबलो असतो," अजित हळूच म्हणाला. "म्हणूनच विचारलं नाही."

हे मात्र त्यानं खरं सांगितलं. खोटं बोलला असता तर तिला कमी लागलं असतं.

अवनी पाण्यातून आली. केस निथळत होते. आईचं तोंड बघून ती तिथेच उभी राहिली.

"तुला माहीत होतं," नीलांबरी म्हणाली. विचारलं नाही.

"आई, बाबा म्हणाले, मीच सांगीन. आय थॉट, ट्रिपवर तू हॅपी असशील, मग..." तिचं मराठी संपलं. मग ती डचमध्ये काहीतरी म्हणाली, बापाकडे बघून, आणि रडायला लागली.

नीलांबरीनं तिला जवळ घेतलं नाही. पण टॉवेल पुढे केला. "केस पूस. सर्दी होईल."

मग ती अजितकडे वळली आणि हात पसरला. "पाऊच द्या."

"कशाला?"

"द्या."

त्यानं गळ्यातून काढून दिलं. तिनं चेन उघडली, रुमालाची गाठ सोडली. दोन मरून, एक निळा. घरून निघताना तिला एका मरूनची कड दिसली होती, आणि ती अवनीची समजून तिनंच वरून रुमाल बांधला होता. तिनं निळा पासपोर्ट उचलला. त्यावरचे सोनेरी सिंह हाताळून हाताळून पुसट झाले होते. तो दशम्यांच्या डब्यालगत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला. रुमालही घेतला. पाऊच त्याला परत दिलं.

परतताना वारा पाठीशी होता. शीड उभारलं आणि बोट आवाज न करता धावू लागली. सकाळी आजारी पडलेले सगळे आता गात होते, नाचत होते. नीलांबरी जाळ्यावर गेली नाही. मागे सावलीत बसून राहिली. रविवारी मावशीचा फोन येईल. ती येतेस ना विचारेल. तिच्या ओठांवर एक ओळ आली, समुद्रा रे बाबा, तुला दोन्ही तीर. पुढची ओळ येईना. तिनं वाट बघितली. दारात कुणीच उभं नव्हतं.

धक्क्यावर टोपलीतून चपला काढताना ते दोन जोड तसेच एकमेकांत अडकलेले निघाले. पट्टे ओले होऊन घट्ट बसले होते. तिनं खाली बसून ते सावकाश सोडवले. अजितचे सँडल त्याच्या पायांपुढे ठेवले, सरळ, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. मग आपल्या घातल्या आणि पुढे चालू लागली.

विमान शिपोलला उतरलं तेव्हा बाहेर करडं उजाडत होतं. सगळे उभे राहायच्या आत तिनं तिन्ही पांघरुणांच्या घड्या घालून ठेवल्या होत्या. आडवी, उभी, पुन्हा आडवी. हातांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

पासपोर्ट तपासणीपाशी वाट फुटत होती. एकीकडे युरोपातल्यांची, दारं आपोआप उघडणारी. दुसरीकडे बाकी सगळ्यांची, दोरांमधून वळत वळत जाणारी. जाताना अजित म्हणाला होता, सगळे एकत्रच जाऊ एका खिडकीवर, आणि सगळं बोलणंही त्यानंच केलं होतं. आताही तो तिच्या मागोमाग लांब रांगेत आला.

"मी थांबतो तुझ्याबरोबर."

जाकीट घातलेल्या एका कर्मचाऱ्यानं त्याच्या हातातलं मरून बघितलं आणि नम्रपणे पलीकडे हात केला. तिकडे लवकर होईल, साहेब. अजित हलला नाही. बायकोकडे बघत राहिला.

"जा तुम्ही," नीलांबरी म्हणाली. "तुमची रांग तिकडे आहे."

तो गेला. अवनी गेली. रांग हळूहळू सरकत राहिली. पुढे कडेवर मूल घेतलेली एक बाई होती, मूल नीलांबरीच्या ओढणीशी खेळत होतं. तिनं खेळू दिलं.

खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यानं पासपोर्ट चाळला, राहण्याच्या परवान्याचं कार्ड उलटून बघितलं. "कुणासोबत आहात?"

काचेपलीकडे ट्रॉलीजवळ दोघं उभे होते. अवनी नखं खात होती.

"एकटी," ती म्हणाली.

शिक्का बसला.

ती पलीकडे आली तेव्हा अजितनं सवयीनं पाऊच उघडलं आणि हात पुढे केला. नीलांबरीनं पासपोर्ट आपल्या पर्समध्ये ठेवला, चेन लावली, आणि ट्रॉलीची एक बाजू धरली.

"घरी जाऊन आधी चहा घेऊ," तो म्हणाला. "गार पडलंय फार."

"घ्या," ती म्हणाली. "तुमचा निळ्या फुलांचा कप फडताळात वरच आहे. मला स्टीलचं फुलपात्र चालेल."

दारं उघडली. बाहेर बारीक बर्फ भुरभुरत होतं. तिनं ओढणी डोक्यावरून घेतली आणि ट्रॉली ढकलू लागली. तिच्याकडची बाजू तिनं, त्याच्याकडची त्यानं.